सत्यजित भटकळ : वकिलीतून वास्तवाच्या पडद्याकडे

पॉप्युलर प्रकाशनाच्या रामदास भटकळांचे हे चिरंजीव. आधी वकिली केली, मग बालमित्र आमिर खानच्या ‘लगान’च्या निर्मितीत उतरले. त्या चित्रीकरणावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि ‘चले चलो’ हा माहितीपटही केला.

खरा ठसा उमटला तो ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या दिग्दर्शनातून. 6 मे 2012, रविवार, सकाळी 11 वाजता पहिला भाग आला, विषय स्त्रीभ्रूणहत्या. स्टार प्लस आणि दूरदर्शनवर एकाच वेळी प्रक्षेपण, शिवाय प्रादेशिक भाषांतही. खासगी वाहिनीच्या पलीकडे, केबल नसलेल्या गावातल्या घरापर्यंत विषय पोचवणारा हा निर्णय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पहिल्या पर्वाचे 13 भाग झाले. 2014 मध्ये आणखी दोन पर्वे आली.

2016 मध्ये जलसंधारणासाठी पानी फाउंडेशन सुरू झाले आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून त्याची धुरा भटकळांकडे आली. गावागावांतली जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत झाली. तीत अव्वल ठरले ते साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातले वेळू. दुष्काळी गावांचे श्रमदान ‘तुफान आलंया’ या कार्यक्रमाने 2017 मध्ये मराठी वाहिन्यांवर आणले.