माळेतून संख्या

कळफलकावरून आलेले '१०१' संगणकाच्या लेखी संख्या नसते. ती तीन चिन्हांची माळ, म्हणजे स्ट्रिंग असते. तिची पूर्णांक संख्या करायची तर पाया ठाऊक हवा. दशमान धरले तर एकशे एक, द्विमान धरले तर पाच. रीत मात्र एकच: शून्यापासून सुरुवात करून डावीकडून एकेक चिन्ह घ्यायचे, हाती असलेल्या संख्येला पायाने गुणायचे आणि त्या चिन्हाची किंमत मिळवायची. षोडशमानात एफची किंमत १५, म्हणून '७एफ' म्हणजे ७ × १६ + १५ = १२७. दहा अंक आणि सव्वीस रोमन अक्षरे संपली की चिन्हेही संपतात. म्हणूनच पायथॉनचे इंट आणि जावास्क्रिप्टचे पार्सइंट ही फंक्शने ३६ पर्यंतचाच पाया स्वीकारतात.

पाया न सांगण्याचा आळस महागात पडतो. जुन्या ब्राउझरांत आरंभीच्या शून्यामुळे '08' अष्टमान समजले जाई. त्यात ८ हा अंकच नाही, म्हणून उत्तर शून्य येई आणि तारखेतला ऑगस्ट हरवे. २००९ च्या जावास्क्रिप्ट मानकाने हे थांबवले. '12 किलो' मधून पार्सइंट १२ उचलते, पायथॉन सरळ त्रुटी दाखवते. गंमत म्हणजे देवनागरी अंकांची स्ट्रिंग पायथॉन बिनतक्रार वाचते. पार्सइंटला ती संख्याच वाटत नाही.