फर्माईश एकाची, गाणं अख्ख्या गावाचं

स्टीव्हन पीटर्स यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या मायामी शहरात एक वाहिनी सुरू केली. पडद्यावर गाण्यांची यादी सरकत असायची आणि प्रत्येक गाण्याला एक क्रमांक असायचा. घरून फोन लावायचा, पलीकडचा ध्वनिमुद्रित आवाज सांगेल तसा तो क्रमांक बटणांवर दाबायचा आणि टीव्हीसमोर येऊन बसायचं. आधी मागितलेली गाणी संपली की आपलं लागायचं. व्हिडिओ ज्यूकबॉक्स नेटवर्क हे तिचं मूळ नाव. जगाला ती ठाऊक झाली ती ‘द बॉक्स’ म्हणून. तुमच्या ताब्यातला संगीत टीव्ही, अशी ती स्वतःची जाहिरात करायची आणि ते अक्षरशः खरं होतं. काय दाखवायचं हे ज्याने फोन लावला तो ठरवायचा.

फर्माईश फुकट नव्हती. नऊशेने सुरू होणाऱ्या त्या फोन क्रमांकांवर एका गाण्याचे दोन-तीन डॉलर पडायचे आणि ते घरच्या फोनबिलात लागून यायचे. फोन लावणारी बहुतेक शाळा-कॉलेजातली मुलं. बिल आलं की आईवडिलांसमोर हिशेब द्यावा लागायचा. तरीही फोन लागायचेच. पैसे मोजून मागितलेलं ते गाणं मागणारा एकटा बघत नव्हता, शहरात ज्यांनी ज्यांनी ती वाहिनी लावली होती ते सगळे बघत होते. एखादं गाणं संध्याकाळभरात चार वेळा लागलं की कळायचं, आपल्याच गावात कुणीतरी त्याच्यासाठी वेडं झालंय. तो कोण, हे मात्र कळायचं नाही. मला या वाहिनीची खरी गंमत इथेच वाटते.

‘आपल्याच गावात’ हे शब्दशः घ्यायचे. देशभर एकच प्रक्षेपण, असा प्रकार द बॉक्समध्ये नव्हता. सुरुवातीच्या काळात गावोगावच्या केबल कंपनीच्या केंद्रातच यंत्रं बसवलेली असायची. गाणी लेझरडिस्कवर, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढ्या चकचकीत तबकड्यांवर. फोनवरून आलेला क्रमांक त्या यंत्रापर्यंत पोचायचा, तबकडीवरचं नेमकं गाणं शोधलं जायचं आणि तेवढ्याच भागातल्या घरांत ते दिसायचं. काही शहरांत कमी ताकदीच्या छोट्या प्रक्षेपण केंद्रांवरूनही ती दिसे. त्यामुळे एका शहरातला द बॉक्स दुसऱ्या शहरातल्यासारखा नसायचा. पाहुणा म्हणून परगावी गेलेल्या मुलाला तिथल्या पोरांची आवड टीव्हीवर दिसायची.

नव्वदीत महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात वाढलेल्यांना हे परकं वाटणार नाही. आपल्याकडे केबलवाल्याचा स्वतःचा एक चॅनेल असायचा. पडद्याच्या तळाशी गावातल्या साडीच्या दुकानाची, क्लासेसची जाहिरात आणि कुणाच्या तरी बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. केबलवाला ओळखीचा असला तर फोन करून “दादा, ते गाणं लावा ना” म्हणता यायचं. त्याआधी रेडिओवर ‘आपली आवड’ होतीच. पोस्टकार्डावर नावं लिहून पाठवायची आणि आपलं नाव वाचलं जाईल म्हणून रेडिओला कान लावून बसायचं. फर्माईशीला साक्षीदार हवे असतात, हे आपल्या माणसांना कुणी शिकवावं लागलं नाही.

द बॉक्सचा सगळ्यात मोठा उपकार कृष्णवर्णीयांच्या संगीतावर आहे. १९८१च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या एमटीव्ही या संगीत वाहिनीवर पहिली काही वर्षं कृष्णवर्णीय कलावंत फारच थोडे दिसत. १९८३ साली ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी याने एमटीव्हीच्याच मुलाखतीत निवेदकाला त्याबद्दल सरळ विचारलं होतं. हिप-हॉपचा खास कार्यक्रम तिथे १९८८ साली आला. द बॉक्सवर या चर्चेची गरजच पडली नाही. मायामीतल्या पोरांना हिप-हॉप हवं होतं, त्यांनी फोन लावले, ते लागलं. मायामीच्याच ‘टू लाइव्ह क्रू’ या हिप-हॉप चमूची गाणीही तिथे वाजत. याच चमूचा एक अल्बम १९९० साली फ्लोरिडातल्या एका केंद्रीय न्यायाधीशाने अश्लील ठरवला होता आणि १९९२ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यातली काही गाणी मुलांच्या कानावर पडू नयेत असं म्हणणाऱ्या पालकांचं मला पटतं. पण कुठल्या माणसांचं संगीत टीव्हीवर यावं हे एका कचेरीतल्या चार जणांनी ठरवण्यापेक्षा हजारो अनोळखी मुलांनी ठरवलं, ते जास्त न्याय्य झालं.

ब्रिटनमध्ये द बॉक्स १९९२ साली पोचला. ‘स्पाइस गर्ल्स’ या पाच मुलींच्या ‘वॉनाबी’ गाण्याची चित्रफीत १९९६ साली तयार झाली, तेव्हा त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीला ती पसंत नव्हती. द बॉक्सवर मात्र दोन तासांत ती प्रेक्षकांच्या पसंतीत पहिली आली आणि तेरा आठवडे तिथेच राहिली. तिला हटवलं ते याच मुलींच्या पुढच्या गाण्याने.

अमेरिकेतल्या द बॉक्सचा शेवट धंद्याच्या गणिताने झाला. मालकी बदलत बदलत ती वाहिनी एमटीव्हीच्या कंपनीकडे गेली. तेव्हा केबलवर नव्या वाहिनीला जागा मिळणं अवघड होतं आणि द बॉक्सकडे ती जागा आयती होती. १ जानेवारी २००१ रोजी तिथे एमटीव्ही-टू दिसू लागली. नव्या वाहिनीने सुरुवातीला आपल्या संग्रहातली गाणी वर्णानुक्रमे लावली. कालपर्यंत फोन लावून गाणं मागणाऱ्यांसमोर आता इंग्रजी मुळाक्षरांचा क्रम होता. याचा मला आजही राग येतो. ब्रिटनमधला द बॉक्स टिकला, पण शेवटी तिथेही तो फर्माईशीचा राहिला नव्हता. ३० जून २०२४ रोजी चॅनेल फोर या तिथल्या टीव्ही कंपनीने तोही बंद केला.

त्या काळी घरच्या व्हीसीआरवर केलेली द बॉक्सची रेकॉर्डिंग्ज आता लोक यूट्यूबवर टाकतात. त्यांतली गाणी स्वच्छ स्वरूपात दुसरीकडे मिळतात, तरी माणसं हा मुंग्या आलेला पडदा बघत बसतात, कारण त्यात क्रमांकांची ती यादी आहे आणि कुणा अनोळखी मुलाने मागवलेलं, आपल्याला मुळीच नको असलेलं गाणंही आहे. ते संपेपर्यंत थांबावं लागायचं. अशा थांबण्यात कित्येकांना आपल्या आवडीचं नसलेलं संगीत आवडायला लागलं. आज मला हवं ते गाणं क्षणात लागतं. शेजारच्या घरातला मुलगा काय ऐकतोय हे मात्र मला कळत नाही, कारण त्याच्या कानात इअरफोन आहेत आणि माझ्याही.