मुलगा मोठ्या कंपनीत आहे, पण परमनंट की ठेकेदाराकडे?

रिश्ता आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुलगा काय करतो? ‘अंबडला मोठ्या कंपनीत आहे,’ एवढं ऐकलं की घरातली वडीलधारी मंडळी खूश होतात. पण सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत एकाच गेटमधून दोन तरुण आत जातात, एकाच मशीनवर काम करतात आणि त्यांचा पगार मात्र वेगळा असतो. एक कंपनीचा परमनंट कामगार, दुसरा ठेकेदाराचा.

परमनंट कामगाराचा पगार युनियन आणि व्यवस्थापन यांच्यातल्या कराराने ठरतो. कराराची मुदत संपली की नवी बोलणी होतात. तिथेही सगळं आपोआप मिळत नाही. ओझरच्या एचएएलमध्ये विमानं तयार होतात आणि ही सरकारी कंपनी आहे. तरी 1 जानेवारी 2017 पासूनची पगारवाढ अडकली म्हणून 14 ऑक्टोबर 2019 ला ओझरसह देशभरातले एचएएलचे कामगार संपावर गेले. अधिकाऱ्यांना मिळाली तशीच वाढ आम्हालाही द्या, एवढीच त्यांची मागणी होती. आठवडाभराहून जास्त चाललेला हा संप कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबला.

ज्यांच्यामागे युनियन आहे त्यांची ही गत, तर ठेकेदाराकडच्या मुलाचं काय? त्याच्या बाजूने करार नसला तरी कायदा आहे. तो माहीत असायला हवा.

पीएफ: बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये असतील तर मुलाचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये कापले जातात. मालकानेही 1,800 भरायचे असतात. त्यातले 1,250 पेन्शनला आणि 550 पीएफ खात्यात जातात. पैसे खरंच भरले की नाही, हे यूएएन नंबर टाकून मोबाईलवर पासबुकात दिसतं.

ईएसआय: पगार 21,000 पर्यंत असेल तर कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के. 18,000 पगारावर मुलाचे फक्त 135 रुपये जातात आणि त्यात घरच्यांचाही इलाज होतो. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. ईएसआयचं कार्ड घरात असूनही खासगी दवाखान्यात कर्ज काढून बिल भरू नका.

ओव्हरटाइम: जादा तासांचा दर दुप्पट असतो.

ग्रॅच्युइटी: महिन्याच्या पगाराला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. 15,000 पगारावर दहा वर्षांचे सुमारे 86,500 रुपये होतात. एरवी त्यासाठी पाच वर्षं लागतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे कामगार कायदे लागू झाले. ठरावीक मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्यांना आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. नेमणूक पत्र देणंही मालकावर बंधनकारक झालं आहे.

बरेच मुलगे म्हणतात, ‘सुपरवायझरला विचारलं तर उद्यापासून येऊ नको म्हणेल.’ ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने भांडू नका. आधी कागद जमवा: नेमणूक पत्र, दर महिन्याची पगार स्लिप, हजेरीची नोंद, बँकेचं पासबुक. मग चार-पाच जण मिळून लेखी विचारा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तिथेही दाद लागली नाही तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज देता येतो. पीएफची तक्रार पीएफ कार्यालयात करावी लागते.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी ‘पगार किती?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘बेटा, स्लिप दाखव. पीएफ भरतात का? ईएसआयचं कार्ड कुठे आहे?’ हेही विचारा. उद्या मशीनवर हात सापडला किंवा घरात कुणी आजारी पडलं, तर कंपनीचं मोठं नाव कामाला येणार नाही, ते कार्ड आणि ती स्लिप येईल.