१५०० मीटरची शर्यत पहिल्या फेरीतच का हातातून जाते?

छत्रपती संभाजीनगर : पहाटे पाचला गावोगावच्या रस्त्यावर पळणारी पोरं-पोरी दिसतात. कुणाला पोलीस भरतीची तयारी करायची असते, तर कुणाला कॉलेजकडून १५०० मीटर पळायचं असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे धावपटू येतात. इथं मागे पडलं, की विद्यापीठाच्या संघासाठी पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते.

फेरीचं गणित
४०० मीटरच्या ट्रॅकवर १५०० मीटर म्हणजे पावणेचार फेऱ्या. ४ मिनिटं १० सेकंदांत शर्यत संपवायची, तर प्रत्येक फेरी साधारण ६७ सेकंदांत व्हायला हवी. पण शिट्ट्या-टाळ्यांच्या जोशात पहिली फेरी ६० सेकंदांत मारली जाते. मग ऑक्सिजन पुरत नाही, पाय जड होतात आणि सुरुवातीला वाचवलेल्या सेकंदांपेक्षा जास्त सेकंद शेवटी जातात.

सराव कसा करावा?
आठवड्यातून एक-दोन दिवस ४०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या ठरलेल्या वेळेतच माराव्यात. दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटं दम घ्यावा. बाकीचे दिवस सोबत्याशी गप्पा मारता येतील इतकं हळू पळावं. डांबरी रस्त्यावर रोज जोर लावला तर नडगी दुखायला लागते. मातीची वाट बरी.

सेकंदाची किंमत
बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर धावपटू म्हणून घडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पूर्ण केली. सुवर्ण हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदानं. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं याच प्रकारात सुवर्ण मिळवलं.

शेवटचा आठवडा
राहिलेला सराव या आठवड्यात भरून काढायला गेलं, तर थकलेले पाय घेऊनच मैदानात उतरावं लागतं. धावणं निम्म्यावर आणावं, झोप पुरी घ्यावी. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. शर्यतीआधी दोन-तीन तास नेहमीचंच हलकं खावं. आणि पहिल्या फेरीला कुणी पुढं गेलं, तर जाऊ द्यावं.