खोली डोळ्याला काय सांगते?

आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात, सेंट लॉरेन्स स्ट्रीटवर, हायलेन्स हे कलादालन आहे. २००६ साली ते सुरू झालं; त्याआधी तिथे फ्रान्सिस्कन पंथाचं चर्च होतं. चर्चमध्ये शिरलं की नजर वेदीकडे जाते, कलादालनात ती भिंतींवर हिंडते. कुठे पाहायचं हे खोलीच ठरवते. या गोष्टीचा अतिशय बारकाईने विचार केला तो एका आयरिश डॉक्टरने.

ब्रायन ओ'डोहर्टी डब्लिनला वैद्यक शिकले, केंब्रिजमध्ये त्यांनी दृष्टिसंवेदनेचा अभ्यास केला, आणि अमेरिकेत जाऊन ते चित्रकार झाले. १९७२ मध्ये डेरीत ब्रिटिश सैनिकांनी मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्याच्या निषेधार्थ ते आपल्या कलाकृतींवर ‘पॅट्रिक आयर्लंड’ अशी सही करू लागले. त्याच नावाने त्यांनी दोऱ्यांच्या रचना केल्या. भिंतीवर रंगवलेला एक आकार, आणि खोलीत जमिनीपासून छतापर्यंत आडव्यातिडव्या ताणलेल्या दोऱ्या. एका ठरावीक जागी उभं राहिलं की दोऱ्या त्या आकाराच्या कडांवर अचूक बसतात आणि रंग भिंत सोडून हवेत तरंगू लागतो. पाऊलभर सरका, सगळं विस्कटतं.

याचं मर्म घरीच पडताळता येतं. बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी एक डोळा मिटून समोरच्या इमारतीच्या गच्चीच्या कडेशी जुळवा. दोरी जणू तिथेच चिकटते. आता मान जरा खाली घ्या: जवळची दोरी झपकन वर सरकते, लांबची कड जवळपास जागच्या जागी राहते. या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. मान स्थिर आणि एकच डोळा उघडा असेल, तर त्याला भरवसा उरतो तो सवयीचा.

ती सवय किती घट्ट असते, हे अमेरिकन संशोधक एडेलबर्ट एम्स यांच्या खोलीने दाखवलं. तिचा मागचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा बराच लांब; भिंती, जमीन, खिडक्या त्या बेताने तिरक्या. छिद्रातून एका डोळ्याने पाहिलं की खोली चौकोनी दिसते, आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्यात चालत जाणारा माणूस बघता बघता मोठा होतो. माणसाची उंची बदलत नाही हे ठाऊक असूनही डोळा खोलीची बाजू घेतो! मला हा प्रयोग कुठल्याही जादूपेक्षा विलक्षण वाटतो.

ओ'डोहर्टींनी हे खेळ राहत्या घरातही आणले. इटलीतल्या तोदी गावात त्यांनी आणि त्यांच्या पत्नी, कला-इतिहासकार बार्बरा नोव्हाक यांनी घर घेतलं आणि ओ'डोहर्टींनी वर्षानुवर्षं त्याच्या भिंती रंगवत नेल्या. रंगांच्या त्या पट्ट्यांमध्ये ओघमही आहे: आयर्लंडमधल्या प्राचीन शिळांवर रेघोट्यांनी कोरलेली लिपी.