डोंबिवलीतला निअँडरथल

जर्मनीत लाइपझिगच्या मॅक्स प्लांक उत्क्रांती-मानवशास्त्र संस्थेत प्राचीन हाडाला भोक पाडायला दातांच्या डॉक्टरांचं ड्रिल वापरतात. चिमूटभर पूड मिळाली की पुरते. तिच्यात डीएनए असतो, पण बहुतेक जिवाणूंचा. क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या ज्या हाडांवरून स्वांते पाबो यांच्या गटाने २०१० साली निअँडरथल जनुकसंचाचा आराखडा मांडला, त्यांतला पंचाण्णव टक्क्यांहून अधिक डीएनए जिवाणूंचाच होता. उरलेल्यात हाड हाताळणाऱ्यांचा डीएनए मिसळण्याची धास्ती.

मग अस्सल तुकडा ओळखायचा कसा? या कारागिरीतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट इथे आहे. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’ काळाच्या ओघात बिघडतं, तेही जास्त करून तुकड्याच्या टोकांना, आणि यंत्र ते ‘टी’ म्हणून वाचतं. असे बदल टोकांना दाटलेले दिसले, की तुकडे पुरातन. झीज हाच वयाचा दाखला! तेवढ्यासाठी शंभर अक्षरांहूनही आखूड असे कोट्यवधी तुकडे वाचून, आपल्या जनुकसंचावर ठेवून जुळवायचे.

या जुळवणीचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. कोविडचा आजार गंभीर होण्याचा धोका वाढवणारा, तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे पन्नास हजार अक्षरांचा पट्टा निअँडरथलकडून आल्याचं २०२० मध्ये पाबो आणि ह्यूगो झेबर्ग यांनी दाखवलं. युरोपात तो सुमारे सोळा टक्के लोकांत आहे, दक्षिण आशियात निम्म्या. डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्येही तो घेऊन जाणारे कितीतरी असणार. म्हणून घाबरायचं कारण नाही. वयाचा धोका याहून कितीतरी मोठा. शिवाय हाच पट्टा एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका कमी करतो, असंही झेबर्ग यांना पुढे आढळलं.

हाडं मात्र आपल्याकडे साथ देत नाहीत. उष्ण, दमट हवेत डीएनए लवकर नष्ट होतो. खाडीकाठच्या आपल्या मातीकडून फारशी आशा नको. अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोऱ्याला प्राचीन मानवाची कवटी सापडली, पण तिच्यातून डीएनए मिळालेला नाही.

म्हणून २०२५ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेला अभ्यास मोलाचा. प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या २,७०० हून अधिक जिवंत भारतीयांचे जनुकसंच वाचले. एकेका माणसात निअँडरथलचा वाटा एक-दोन टक्केच, पण ज्याच्या-त्याच्यातले तुकडे वेगळे. ते एकत्र केल्यावर निअँडरथल जनुकसंचाचा जवळपास निम्मा भाग हाती आला, आणि सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेमुळे कळलेल्या दुसऱ्या लुप्त मानवाचा सुमारे पाचवा हिस्साही.