जुन्या ट्रकचे पॉवर ब्रेक : बूस्टर बसवण्यापूर्वी

कापडाच्या धंद्यात आपण मालाचा भाव पैशा-पैशाने ठरवतो. पण तो माल ज्या गाडीवर चढतो, तिच्या ब्रेककडे फारसे कुणी पाहत नाही. मालेगावचा माल भिवंडीला यायचा तर कसारा घाट उतरावाच लागतो. गाडी जुनी, १९६०-७० च्या काळातली असली की पेडल जड लागते, ड्रायव्हर कुरकुर करतो आणि मालक म्हणतो, "बूस्टर बसवून टाका." हा खर्च करण्यापूर्वी बूस्टर काय करतो आणि काय करत नाही, हे नीट समजून घ्यावे.

बूस्टरचे काम

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पेडल दाबले की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब देतो. तो दाब नळ्यांतून चाकांपर्यंत जातो आणि लायनर ड्रमला घासतात. यात सगळी ताकद ड्रायव्हरच्या पायाची असते. बूस्टर या पायाला मदत करतो. व्हॅक्यूम बूस्टरमध्ये एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूची हवा काढलेली असते; पेडल दाबताच दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला ढकलते. बाहेरच्या हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. त्यातला ०.७ किलो जरी कामी आला, तरी २५ सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर सुमारे ३४० किलोचा जोर मिळतो.

पेट्रोल इंजिनात ही पोकळी इंजिन स्वतःच तयार करते. डिझेल इंजिनात ती सहसा मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप, टाकी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. नुसता बूस्टर विकत आणून काम भागत नाही.

दुसरा मार्ग कॉम्प्रेसरच्या हवेचा. तिचा दाब ६ ते ८ किलो असल्याने लहान बूस्टरही मोठा जोर देतो. चाकांवरचे हायड्रॉलिक ब्रेक तेच ठेवून फक्त मदतीला हवा घेता येते. पूर्ण एअर ब्रेक करायचे तर चाकांवरची सगळी यंत्रणा बदलावी लागते आणि बहुधा एक्सलही. ते काम मोठे आहे.

बूस्टरच्या हातात नसलेली गोष्ट

समजा, मालासकट १० टनांचा ट्रक ३०० मीटर उंचीवरून खाली उतरतो आहे. या उतारात जी ऊर्जा सुटते, तिने १०० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. ड्रायव्हरने गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिनावर रोखली नाही, तर यातली बरीचशी उष्णता ड्रम आणि लायनरमध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते, पेडल खाली जाते. बूस्टर पायाचा जोर वाढवतो. ड्रमचा आकार वाढवत नाही. उलट पेडल हलके झाल्याने ब्रेक किती तापले हे पायाला उशिरा कळते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या उस्तादांचा नियम बूस्टर बसवल्यावरही तितकाच खरा आहे.

कामाचा क्रम

सूत कच्चे असेल तर प्रोसेसिंगवर कितीही पैसा घाला, कापड टिकत नाही. येथेही तसेच आहे. पहिला खर्च ड्रम, लायनर आणि व्हील सिलिंडरवर करावा. दुसरा नळ्या व होज पाइपवर, कारण बूस्टरमुळे त्यांच्यावरचा दाब वाढतो आणि जुनी नळी तेथेच फुटते. तिसरा मास्टर सिलिंडरवर. जुन्या गाड्यांत तो एकेरी असतो. एक नळी गेली की चारही बाजूंचे ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला तर निम्मे ब्रेक तरी हाती राहतात. बूस्टरचा नंबर यानंतर.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ दर्जाचे नवे तेल किमान २०५ अंशांवर उकळते, पण पाणी शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. उकळलेल्या तेलात वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून तेल वेळच्या वेळी बदलावे, आणि त्यात इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नये, रबर फुगते.

तपासणी आणि कागदपत्रे

व्हॅक्यूम बूस्टरची परीक्षा मालकालाही करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. न गेल्यास पंप, नळी किंवा पडद्यात दोष समजावा. हवेची यंत्रणा असेल तर टाकीतले पाणी रोज काढावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ बनावटीत मनमानी फेरबदल करता येत नाहीत. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वीच आर.टी.ओ.कडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते. तेथे बदलाचा कागद जवळ असावा. काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या गाडीची, दुसरी निम्म्या मालाची सपाट रस्त्यावर करावी. प्रत्येक फेरीनंतर चारही बाजूंचे ड्रम सारखे तापले आहेत का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे आणि मगच भरली गाडी घाटात सोडावी.